इरावतीबाई आणि १४९ कवट्या

बैल घ्यायला निघालेला खान्देशातला शेतकरी शिंगे बघतो, वशिंड बघतो, चाल बघतो. पण सौद्याला बसण्याआधी बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात बघतो. बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात आणि त्यावरून बाजाराची भाषा ठरलेली आहे. एकही पक्का दात नसलेला तो आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आणि आठही आले की बैल जुळला. जुळलेल्या बैलाची किंमत पुढे उतरत जाते. तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे सौदे होतात, तिथेही व्यापारी आधी घोड्याचे तोंड उघडतो.

मी जळगावात वाढलो. वडील शाळामास्तर, घरी गोठा नाही. त्यामुळे १९८४ साली धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेच्या एका शाखेत शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे आले तेव्हा ही भाषा मला नवी होती. बैलजोडीची कर्जे मंजूर करायची, खरेदीच्या दिवशी बाजारात हजर राहायचे, कागदावर बैलाचे वर्णन लिहायचे: रंग, शिंगे, दात. एके दिवशी एक भिल्ल शेतकरी अर्ज घेऊन टेबलासमोर उभा राहिला. नाव सांगितले, गाव सांगितले, वय सांगता येईना. जन्माचा दाखला नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. वयाचा रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी सुचवले की साहेबांनी त्याला तोंड उघडायला सांगावे आणि दात बघून वय लिहावे. शाखेत हशा पिकला. मीही हसलो. तो माणूसदेखील थोडासा हसला, आणि मग त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मी रकान्यात अंदाजाने ४० लिहिले. कर्ज मंजूर झाले, त्याने ते वेळेवर फेडलेही. पण पुढे शाखेत आला की तो माझ्या टेबलाकडे येत नसे.

हा प्रसंग मी बरीच वर्षे घरातही सांगितला नव्हता. इरावती कर्वे यांच्या आयुष्यातली बर्लिनची दोन वर्षे वाचत होतो, तेव्हा तो वर आला.

इरावतीबाई म्हटले की आपल्याला ‘युगान्त’ आठवते. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांत आणून बसवणारे ते पुस्तक. १९६७ साली आले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन गेले. ज्यांना शाळेत त्यांचा धडा होता त्यांना ‘परिपूर्ती’ आठवेल. सभेत ओळख करून देताना अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, अमक्यांची पत्नी असे सांगितले जाते, आणि लेखिकेला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राहते. शेवटी रस्त्यावरची शाळकरी पोरे आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून तिला ओळखतात आणि तिची ओळख पुरी होते. लाखो घरांत तो लेख वाचला गेला असेल. पण त्या बाईंनी ऐन पंचविशीच्या आत माणसांच्या कवट्या हातात घेऊन मोजल्या होत्या, आणि त्या मोजण्यातून जे निघाले ते आपल्या गुरूला न आवडणारे असूनही लिहून दिले होते, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशात म्यिंजान या गावी. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला, इंजिनियर. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवले. शाळेतल्या मैत्रिणीच्या, शकुंतला परांजपे यांच्या घरी ती राहायला गेली आणि त्या घरची होऊन गेली. घर रँग्लर परांजप्यांचे. तिथे पुस्तके होती, वाद होते, आणि मुलींनी बोलू नये असा दंडक नव्हता. फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. मग मुंबईला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध, १९२८ ला एम. ए. याच काळात लग्न झाले ते दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षींचे चिरंजीव, ‘समाजस्वास्थ्य’वाल्या रघुनाथरावांचे धाकटे भाऊ.

सुनेने जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी हे महर्षींना पसंत नव्हते. विधवांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, स्त्रियांचे विद्यापीठ ज्यांनी उभे केले, त्यांना घरातल्या सुनेचे परदेशी जाणे मानवेना. मला यात ढोंग दिसत नाही. मोठी माणसेही एका पिढीत एवढेच अंतर चालतात, पुढचे अंतर घरातल्याच दुसऱ्या कोणाला चालावे लागते. इथे ते दिनकररावांनी चालून दाखवले. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते आणि बायकोच्या बाजूने उभे राहिले. पैशाची सोय कर्जाने झाली. कर्ज दिले डॉ. जीवराज मेहता यांनी. तेव्हा ते मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डीन होते, पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. कर्जाच्या व्यवहारात उभा जन्म गेलेला मी माणूस. तारण काहीही नसताना दिलेली अशी कर्जे वसुलीच्या दृष्टीने सर्वांत चांगली ठरतात, हे माझे खासगी मत आहे.

१९२८ साली त्या बर्लिनला पोचल्या. शहराच्या नैऋत्येला डाहलेम नावाचे उपनगर आहे. तिथे वर्षभरापूर्वी, १९२७ साली, मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधारणा या विषयांची एक संस्था निघाली होती. कैसर विल्हेल्म सोसायटीची. संचालक होते ऑयगेन फिशर. हे गृहस्थ १९०८ साली आफ्रिकेत जर्मनांच्या ताब्यातल्या प्रदेशात, म्हणजे आजच्या नामिबियात, गेले होते आणि गोऱ्या बापांची व तिथल्या स्थानिक आयांची संतती मोजून आले होते. त्यावर त्यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला आणि नाव कमावले. ते तिथे गेले त्याच्या आधीच्या चार वर्षांत जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा या लोकांची कत्तल केली होती. छावण्यांत मेलेल्या कैद्यांच्या कवट्या जहाजांनी बर्लिनला पाठवल्या गेल्या. विज्ञानासाठी, असे त्यावर लिहिलेले असे.

वसाहतींतून जमवलेल्या अशा कवट्यांचे मोठे साठे त्या काळी बर्लिनमध्ये होते. कपाटात ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर शाईने घातलेला नंबर. इरावतीबाईंना जो विषय मिळाला तो असा: मानवी कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते. कोणाचीच नसते. आरशात नीट पाहिले तर आपल्याच चेहऱ्याचे दोन अर्ध वेगळे दिसतात. हा फरक किती, आणि तो वंशाप्रमाणे बदलतो का? फिशर यांचा कयास असा की गोऱ्या युरोपीय माणसाची तर्कबुद्धी अधिक, म्हणून त्याच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा आणि त्याची कवटी त्या बाजूला अधिक फुगीर असणार. इतरांच्या कवट्यांत तसे दिसणार नाही. कयास त्यांचा, मोजायचे विद्यार्थिनीने.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. मोजण्याचे काम कसे असते ते थोडे सांगायला हवे. कंपासासारखे पण टोके आत वळलेले एक हत्यार असते. त्याच्या दोन टोकांत हाडावरचे दोन ठरलेले बिंदू पकडायचे आणि अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचे. मग तेच दुसऱ्या बाजूला. पुन्हा पहिल्या बाजूला, चूक तपासायला. एका कवटीवर असे अनेक बिंदू. बँकेत आम्ही दिवसाअखेरीस खतावणी जुळवत बसायचो, त्या जातीचे हे काम. कंटाळवाणे, आणि एक आकडा चुकला तर सगळे चुकते. जुळवताना मन मोठे मोहात पडते. हवा तो आकडा यावा म्हणून पेन्सिल जरा इकडे-तिकडे सरकते. मी हे केलेले नाही असे शपथेवर सांगणार नाही.

इरावतीबाईंची पेन्सिल सरकली नाही. उजव्या-डाव्या बाजूतला फरक सगळ्यांच कवट्यांत होता, पण तो वंशाप्रमाणे बदलत नव्हता. युरोपीय कवट्यांत एक प्रकार आणि आफ्रिकी कवट्यांत दुसरा, असे काही निघेना. त्यांनी तसे लिहिले. परका देश, परकी भाषा, सावळा रंग, कर्जाचे पैसे, आणि पदवी देणारा माणूस तोच ज्याचा कयास खोटा ठरत होता. पदवी मिळाली, गुण देताना मात्र फिशर यांनी हात आखडता घेतला, असे त्यांच्या चरित्रकारांचे म्हणणे आहे. प्रबंध १९३१ साली छापला गेला. (इरावतीबाईंची नात उर्मिला देशपांडे आणि ब्राझीलचे अभ्यासक थियागो पिंतो बार्बोसा यांनी मिळून लिहिलेले इंग्रजी चरित्र २०२४ साली आले आहे. ज्यांना हा भाग सविस्तर वाचायचा आहे त्यांनी ते मिळवावे.)

आता कवटी आणि दात. जुनी कवटी अभ्यासकाच्या हाती येते तेव्हा डोक्याचे हाड बहुधा चेपलेले, फुटलेले असते. दात मात्र टिकतात. दातावरचे इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. माती हाडाला खाते, दाताला तितक्या लवकर खात नाही. आगीतही दात बराच काळ तग धरतात. म्हणून अपघातात, जळितात ओळख पटवायची वेळ आली की पोलीस दंतवैद्याला बोलावतात.

वाचकांनी जिभेने मोजून पाहावे. पुढच्या मधल्या फटीपासून एका बाजूला गेले की दोन पटाशीचे दात, मग एक सुळा, मग दोन उपदाढा, मग तीन दाढा. झाले आठ. वर-खाली, उजवे-डावे मिळून चार भाग, म्हणून बत्तिशी. लहान मुलाचे दुधाचे दात वीसच असतात. दंतवैद्यांनी या बत्तीस जणांना नंबर दिले आहेत. रुग्णाचा वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४; आणि प्रत्येक भागात मधून मागे १ ते ८. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला ४८ काढावी लागेल असे सांगितले तेव्हा मी दचकलो, एवढे दात आपल्याला आहेत कुठे? मग कळले की चौथ्या भागातली आठवी, म्हणजे खालची उजवी अक्कलदाढ. पहिला आकडा शाखेचा, दुसरा खात्याचा. हे मला लगेच पटले.

सुटा दात हाती आला तर तो यातला कोणता, हे जाणकार सहसा ओळखतो. पटाशीच्या दाताला धार असते, छिन्नीसारखी. खालचे मधले दोन सगळ्यांत लहान. सुळ्याला एकच टोक आणि बत्तिशीतले सर्वांत लांब मूळ. उपदाढेला बहुधा दोन उंचवटे. वरच्या दाढेला सहसा तीन मुळे, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. खालच्या दाढेला दोनच, एक पुढे, एक मागे. खालच्या पहिल्या दाढेवर बहुधा पाच उंचवटे मोजता येतात. मुळांची टोके बहुतेक वेळा मागे वळलेली असतात, त्यावरून उजवी की डावी तेही ठरते.

वयाचे गणित बैलाहून फार वेगळे नाही. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी पडेल आपोआप म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, जन्माची जाते. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास, तिसरी, अक्कलदाढ, सतरा ते एकवीसच्या दरम्यान, आणि काहींना कधीच नाही. त्यानंतर मोठ्या माणसाचे वय झिजेवरून काढतात. पहिली दाढ दुसरीपेक्षा सहा वर्षे जास्त राबलेली. दोघींच्या झिजेतला फरक म्हणजे सहा वर्षांची झीज. हा हिशोब धरून माणूस मेला तेव्हा साधारण किती वर्षांचा होता ते सांगता येते. साधारण. पाच-दहा वर्षांची चूक धरायलाच हवी, कारण जात्यातल्या दगडाची कच असलेली भाकरी खाणाऱ्याचे दात आणि मऊ भात खाणाऱ्याचे दात सारखे झिजत नाहीत.

आणखी एक गोष्ट दात सांगतात, ती ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. पक्के दात हाडात तयार होत असतात तेव्हा मूल दोन-तीन-चार वर्षांचे असते. त्या वेळी मोठे आजारपण आले किंवा उपासमार झाली तर इनॅमल तयार होणे थांबते, आणि दातावर आडवी रेघ राहते. हाड मोडले तर सांधते, इनॅमल पुन्हा भरून येत नाही. माणूस साठ वर्षांचा झाला तरी तिसऱ्या वर्षीच्या उपासाची रेघ त्याच्या दातावर असते. आमच्या आजीच्या तोंडी संवत छप्पन्नचा दुष्काळ असायचा, म्हणजे १८९९-१९०० चा. त्या दुष्काळातून वाचलेल्या खान्देशातल्या किती पोरांच्या पुढच्या दातांवर त्या रेघा उमटल्या असतील!

दात एवढे सगळे सांगतात. जात सांगत नाहीत. अक्कल सांगत नाहीत, अक्कलदाढही नाही. माणसांच्या समूहांमध्ये थोडेथोडे फरक असतात हे खरे. पूर्व आशियातल्या लोकांत आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत वरच्या पटाशीच्या दातांची मागची बाजू फावड्यासारखी खोलगट असण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे, युरोपात कमी. पण हे प्रमाण झाले, हजार माणसांचे. एकच दात पुढे ठेवून हा अमक्या वंशाचा, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; आणि वंशावरून माणसाची लायकी काढणे तर त्याच्याही पलीकडची उडी. ती उडी त्या काळी सर्रास मारली जात होती. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरवली होती. त्यांचे ते गणित सर्व प्रांतांत लागू पडत नाही हे दाखवून देणाऱ्यांत इरावतीबाईंचे गुरू घुर्ये होते.

बर्लिनहून परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचे काम केले. १९३९ साली डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथल्याच झाल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचे नाव सांगतात. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नवऱ्याला एकेरी हाक. पुण्याने डोळे मोठे केले, आणि नंतर सवय करून घेतली.

डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलिया होते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचे गाव आहे, तिथे आंधारियो टिंबो नावाची वाळूची टेकडी. तिथे दगडाची बारीक हत्यारे सापडत होती, ती करणारा माणूस सापडत नव्हता. १९४४ च्या मोहिमेत इरावतीबाई बरोबर होत्या आणि तिथे माणसांचे सांगाडे मिळाले, पाय पोटाशी घेऊन पुरलेले. शेती न करणारी, शिकारीवर जगणारी माणसे. त्यांच्याबरोबर गेंड्याचेही हाड निघाले. गुजरातच्या त्या कोरड्या मुलखात एके काळी गेंडे होते! सांगाड्यांचा अभ्यास इरावतीबाईंनी मुंबईचे शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. जी. एम. कुरुलकर यांच्यासह केला.

इथे मला अडखळायला होते. बर्लिनमध्ये कवटीवरून वंशाचा निवाडा मिळत नाही असे लिहिणाऱ्या बाईंच्या लांघणजच्या अहवालात, या सांगाड्यांत आफ्रिकी वळणाची लक्षणे दिसतात असा सूर आहे. पुढच्या अभ्यासकांनी तो सोडून दिला. पुढे महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी हजारो माणसांची डोकी, नाके, उंच्या मोजल्या; अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ साली ती मापे प्रसिद्ध केली. जन्मभर हातातले ते वाकडे हत्यार त्यांनी खाली ठेवले नाही. काही अभ्यासक त्यांना याबद्दल दोष देतात, आणि तो दोष पुसून टाकावा असे मला वाटत नाही. जे शास्त्र त्या शिकून आल्या तेच त्यांच्या हातात होते. मात्र मोजून त्यांनी काढले काय, तेही पाहावे. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती अंगलटीने एकमेकींपासून बऱ्याच निराळ्या दिसतात. म्हणजे एक मूळ जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या हे ठरीव चित्र खरे नव्हे, वेगवेगळे समूह एका नावाखाली येऊन बसले आहेत. १९६८ साली के. सी. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली, ती याच धाग्यावर. शुद्ध रक्ताचा आणि एका मूळपुरुषाचा अभिमान सांगणाऱ्यांना हे आकडे सोयीचे नव्हते. दुसऱ्यांदा त्यांनी गैरसोयीचे आकडे छापले.

आणि त्या खान्देशातही आल्या होत्या. पश्चिम खान्देशच्या भिल्लांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी हे त्यांचे पुस्तक १९६१ सालचे. पश्चिम खान्देश म्हणजे तेव्हाचा धुळे जिल्हा, आजचा नंदुरबार त्यातच. नावातच सामाजिक आणि आर्थिक हे शब्द आहेत याकडे लक्ष द्यावे. इथे प्रश्न डोक्याच्या घेराचा नव्हता. मी त्या भागात नोकरीला गेलो त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी त्या याच लोकांमध्ये जाऊन त्यांच्या संसाराची विचारपूस करून गेल्या होत्या. आमच्या शाखेत ते पुस्तक नव्हते. असते तरी कोणी उघडले असते असे नाही.

अशीच शेवटची मोठी पाहणी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची. मुलगी जाई निंबकर यांच्यासह केलेली ही पाहणी १९६९ ला छापली गेली. दुसरी मुलगी गौरी देशपांडे. तिला मराठी वाचकांना निराळे सांगायला नको. ११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या, पासष्टी गाठायच्या आत.

त्यांच्या मागे दोन कामे त्यांच्याच संस्थेत वाढली. घोडनदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे उत्खनन चालले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसे निघाली. मुले दोन रांजणांची तोंडे जोडून त्यात ठेवलेली. त्यांचे दात अमेरिकेचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी एकेक करून तपासले. बाळांच्या दुधाच्या सुळ्यांवर इनॅमलचे खड्डे मिळाले, आणि त्यांचा संबंध त्या काळी बदललेल्या हवामानाशी आणि अन्नाशी लावता आला. वंश कोणता, हा प्रश्न मागे पडून पोट भरत होते का, हा प्रश्न पुढे आला होता. तशाच जातीची मडकी आणि तशीच दफने आपल्या गिरणेकाठीही आहेत, चाळीसगाव तालुक्यात बहाळ आणि टेकवाडे इथे, म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात ती उघडली.

डाहलेमच्या त्या संस्थेचे पुढे काय झाले ते बहुतेकांना माहीत असेल. १९३३ साली हिटलर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९४२ पासून संस्थेची सूत्रे ओटमार फॉन फर्शुअर यांच्याकडे गेली. ऑशविट्झच्या छावणीतला डॉक्टर मेंगेले हा त्यांचाच जुना सहायक, आणि छावणीतून माणसांचे रक्त आणि अवयव डाहलेमला येत राहिले. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २०११ साली वीस कवट्या नामिबियाला परत केल्या, नंतरही काही परत गेल्या.

संस्थेच्या इमारतीत युद्धानंतर बर्लिनचे मुक्त विद्यापीठ आले. २०१४ साली जवळच ग्रंथालयाच्या आवारात पाइपासाठी खणताना माणसांची हाडे निघाली. पुढे पुरातत्त्व खात्यातल्या लोकांनी नीट खणले, तेव्हा हजारो तुकडे मिळाले. काहींवर संग्रहातल्या वस्तूंना लावतात तसे डिंकाचे आणि खुणांचे अवशेष होते. ज्यांची ती असू शकत होती त्या ज्यू, रोमा आणि आफ्रिकी समाजांच्या प्रतिनिधींना बोलावून विचारले गेले. कोण कोणत्या वंशाचा हे शोधण्यासाठी ती हाडे पुन्हा तपासायची नाहीत, असे सर्वांनी मिळून ठरवले. मार्च २०२३ मध्ये डाहलेमच्याच दफनभूमीत ती एकत्र पुरण्यात आली.